खुंटीवरचा कोट

३० नोव्हेंबर
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय वहिनींस,
सप्रेम सलाम.

काल सकाळी मी दुकान उघडलं, पण झाडू हातात घेतला नाही. आधी तुमचं पार्सल सोडायला बसलो. गाठ कात्रीने कापली नाही. तुमच्या गाठी नखांनी सोडवायच्या असतात, हे तुम्ही या घरात आलात तेव्हाच शिकलोय. बाहेर इतकं धुकं होतं, की समोरचं चपलांचं दुकान कुणी अर्धवट पुसल्यासारखं दिसत होतं. गिऱ्हाइकांचे आरसे फ्रेमा लावून भिंतीला टेकवून ठेवले होते. मी कापड झटकून उलगडलं, आणि ते सगळ्या आरशांत एकदम उलगडलं.

तपकिरी.

आगमनकाळात वेदीवर जांभळं कापड असतं, हे तुम्हाला कोण सांगणार? जुनं उंदरांनी कुरतडलं तेव्हा नवं शिवून देते असं तुम्हीच म्हणालात. मी कापड हातात धरून स्टुलावर बसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं. दादांचा कोट.

त्या कोटाचा रंग मी विसरेन का? शाळेत जाताना थंडी वाजली की माझा हात त्यांच्या खिशात असायचा. वहिनी, तुम्ही तो उसवलात. मला कळवलंही नाहीत.  एक बाई फोटो न्यायला आली, तिला म्हटलं उद्या या, आणि फोटो तर तयार होता.

फादरना कापड नेऊन दिलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. मी कोटाचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातांनी ते वेदीवर पसरलं. आज मिस्सामध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की एका विधवेने आपल्या नवऱ्याचा कोट प्रभूच्या वाटेत अंथरला आहे. दादांचा मित्र, तो बेकरीवाला, टोपीने डोळे पुसत होता. एका बाईने सुरुवातीला मला विचारलं होतं, कापडावर चहा सांडला काय. ती नंतर येऊन कापडाची कड सरळ करून गेली.

फादरनी एक कामही दिलंय. म्हणाले, ज्या गोष्टींसाठी तुम्ही नुसती प्रार्थना करत आलात, त्यातली एक या आगमनकाळात हातांनी करा. मी विचारात पडलो. मी रोज तुमच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करतो. पण गेल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, की डॉक्टरांच्या थेंबांनी मोतीबिंदू विरघळत चाललाय. म्हणजे ती प्रार्थना ऐकली गेली. (तुमची जाऊ हे ऐकून “थेंबांनी?” एवढंच म्हणाली आणि भांडी जोरात घासू लागली.) आता दुसरं काही शोधायला हवं. तुम्हीच सुचवा.

तुमचा धाकटा दीर


४ डिसेंबर

प्रिय भावोजी,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोटाचं तुम्ही ओळखलंत. ओळखलंत ते ओळखलंत, पण चर्चभर सांगायची काय गरज होती? तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमच्या लहानपणी मी साखर लपवून ठेवायचे तीही तुम्ही सासूबाईंना दाखवून द्यायचात, आणि वर म्हणायचात, मी फक्त डब्याकडे बघत होतो.

माझं अक्षर मोठं आलंय म्हणून नाक मुरडू नका. आखलेले कागद संपले होते. कोऱ्या कागदावर ओळी चढावर निघतात, निघू देत.

इथेही धुकं असतं. माझ्या तर घरातच शिरतं. सकाळी जाग आली की सगळं मऊ दिसतं, कडा नसलेलं. रस्त्यावरच्या दिव्याभोवती गोल प्रभावळ येते, संतांच्या चित्रात असते तशी. दूधवाला येतो तोही संत दिसतो. मग तो बोलायला लागतो, आणि संतपण जातं. मला हे आवडतं, भावोजी. या वयात जगाने जरा हळू आवाजात बोलावं तसं आहे ते.

काय करू म्हणून मला विचारता. तुमचे संकल्प म्हणजे तुमच्या दुकानातल्या रिकाम्या फ्रेमा. बाहेरून सुरेख कोरीव, आणि आतून पलीकडची भिंत दिसते. दर वर्षी नाताळाआधी येऊन जातो म्हणता. मी काही वाट बघत नाही. दोन कप धुऊन ठेवते, कारण एक कप धुवायला तेवढंच पाणी लागतं.

जावेला म्हणावं, भांडी जपून घास.

तुमची वहिनी


८ डिसेंबर

प्रिय वहिनींस,
सप्रेम सलाम.

काल दुसरी मेणबत्ती पेटली. हिरव्या पानांच्या चक्रात दोन उभ्या ज्योती आणि खाली तुमचं कापड. लोक जाता जाता त्याला बोट लावून पुढे जातात. मला भीती वाटते, नाताळापर्यंत त्याला भोक पडेल.

आज सकाळी एक मोठा आरसा सलूनमध्ये पोचवायचा होता. हातगाडी मिळाली नाही, म्हणून तो छातीशी उभा धरून, त्याचं तोंड माझ्याकडे करून, निघालो. अशा वेळी पुढचा रस्ता दिसत नाही, मागचा दिसतो. मी पुढे चाललो होतो आणि सगळा रस्ता माझ्यापासून मागे जात होता: चपलांचं दुकान, नळावरच्या बायका, धुकं. त्या धुक्यात तपकिरी कोट घातलेलं कुणीतरी माझ्या मागून येत होतं. चाल ओळखीची होती, जरा डावीकडे झुकलेली. मी थांबलो, आरसा पायावर टेकवला, वळून पाहिलं. पोस्टमन होता. सायकल ढकलत होता. त्याने विचारलं, काय हो, जड होतंय का? मी म्हटलं, नाही, हलकंच आहे.

फादरनी सांगितलेलं काम म्हणून मी गव्हाणीच्या देखाव्याच्या पेटीला नवी काच बसवून दिली. तुमची जाऊ म्हणाली, “काच बसवणं हा तुमचा धंदाच आहे, त्यात धर्म कुठला आला?” तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती लगेच बरोबर निघते.

एक मागणं आहे. कोटाची बटणं तुम्ही टाकली नसतीलच. त्यातलं खालचं, कड उडालेलं बटण पाठवाल का? मी लहानशी चौकट करून चर्चच्या आतल्या खोलीत लावेन. बेकरीवाल्याची फार इच्छा आहे.

या वर्षी नाताळाआधी यायचं मनात आहे. पण लोकांना फोटो याच दिवसांत हवे असतात. आणि तुमच्याकडे बसने उतरलं की रस्ता त्या हॉस्पिटलच्या फाटकावरूनच जातो. दुसरा रस्ता आहे का हो आता? नवीन झाला असेल तर कळवा.

तुमचा धाकटा दीर


१२ डिसेंबर

प्रिय भावोजी,
आशीर्वाद.

बटण पाठवतेय. ते कोटावरून कापलं. कोट खुंटीवर आहे, जिथे होता तिथे.

आता तुम्ही स्टुलावर बसून घ्या.

मी कापडाच्या दुकानात गेले होते, जांभळं घ्यायला. दुकानदाराने ठाणं समोर टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी हात ठेवून म्हटलं, हेच. मला ते जांभळंच दिसलं. शिवून, पार्सल करून पाठवलं. उरलेली पट्टी शेजारच्या टीचरने पाहिली, ती बालवाडीत शिकवते. म्हणाली, काकू, किती छान चॉकलेटी रंग. मी पट्टी उशाखाली सारली. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, कोटाचं. मला वाटलं, देवानेच पांघरूण घातलं माझ्यावर. म्हणून ओढून घेतलं. पण आता माझं खोटं वेदीवर अंथरलंय आणि लोक त्याला बोट लावतायत. गेल्या रविवारी मी ख्रिस्तप्रसादाला जागेवरून उठले नाही. फादरना सांगा. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

थेंबांचंही मी रचलं होतं. मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, हे तुमची जाऊ भांडी घासता घासता ओळखते आणि तुम्ही ओळखत नाही. दोन्ही डोळे पिकलेत. उजव्याने आता फक्त उजेड कळतो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केलात तर मग आम्हीही काही करू शकणार नाही. शुक्रवारची, १९ तारखेची वेळ दिली आहे, उजव्या डोळ्याची. मी जाणार नाही.

फाटकाला घाबरते असं म्हणाल, तर ते आहेच. हे त्या फाटकातून चालत आत गेले होते, साध्या पोटदुखीसाठी. मला म्हणाले, तू घरी जा, संध्याकाळी कोट घेऊन ये, परत येताना थंडी असेल. मी नेला होता. तो घेऊन एकटी परत आले.

पण खरं कारण ते नाही. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्ही हसणार नाही म्हणून सांगते. कोट दाराजवळच्या खुंटीवर आहे. आधी तो कोटच होता. मग डोळ्यांवर जसं धुकं चढत गेलं, तशा त्याच्या कडा गेल्या. आता सकाळी डोळे उघडले की दाराशी हे उभे असतात. बाहेरून नुकतेच आल्यासारखे, आत यावं की चपला काढाव्यात या विचारात. मी काही वेडी नाही. तो कोट आहे हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. डोळे निवळले की खुंटी दिसेल. खिळा दिसेल. मग मी सकाळी उठून काय बघू?

बटण कापताना म्हटलं, जरा दुखेल हं. तर म्हणे, काप. (हे मीच म्हटलं, घाबरू नका.)

तुम्ही येऊ नका. दुसरा रस्ता झालेला नाही.

तुमची वहिनी


१८ डिसेंबर

प्रिय भावोजी,

हे पत्र शेजारची टीचर लिहिते आहे. मी सांगते तसं लिही म्हटलंय, पण ती मध्येच शुद्धलेखन नीट करते.

तुमचं उत्तर आलं नाही. रागावलात का? रागवायला हक्क आहे. पण तुम्ही रागावलात तरी पत्र लिहायचे कधी थांबला नाहीत, उलट दोन पानं जास्त लिहिलीत. म्हणून जिवाला घोर लागला.

उद्याची वेळ रद्द करायला आज दुपारनंतर टीचर हॉस्पिटलात जाणार आहे. तिने बराच वाद घातला. ती म्हणते, काकू, मुलं फळा दिसत नाही म्हणाली की मी त्यांना पुढे बसवते, तुम्हाला कुठे बसवू? मी म्हटलं, मला मागेच राहू दे.

सकाळपासून इथे ऊन आहे म्हणे. माझ्याकडे धुकंच आहे. दाराशी हे आहेत. आज बटण नसल्यामुळे जरा गबाळे दिसतायत.

पत्र मिळाल्यावर दोन ओळी टाका. येऊ नका, नुसत्या ओळी टाका.

तुमची वहिनी


२० डिसेंबर
हॉस्पिटलचा बाक

प्रिय वहिनींस,
सप्रेम सलाम.

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुम्ही भिंतीपलीकडे झोपला आहात, उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, आणि डॉक्टर सकाळची फेरी मारतायत. पट्टी निघाली की हे मी तुमच्या हातात देणार. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. ओळीही चढावर घेतल्यात, तुम्हाला सवय आहे म्हणून.

घडलेलं तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. दोन दिवस तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत.

तुमचं बटणाचं पत्र मिळालं तेव्हा मी काच कापत होतो. वाचून झाल्यावर पुन्हा कापायला गेलो तर कटरचा हिरा रेषेवरून घसरला. मग बटण घेऊन चर्चमध्ये गेलो. बटणाच्या दोऱ्यात कोटाची लोकर अडकलेली होती. ती कापडाशेजारी ठेवली. जाड, खरखरीत लोकर, आणि शेजारी तुमचं गुळगुळीत सुती कापड. मी रोज फोटोच्या रंगाला फ्रेमच्या पट्टीचा रंग जुळवून देणारा माणूस. पण मला कोट हवा होता, म्हणून कोट दिसला. आपण दोघं एकाच आजाराचे आहोत वहिनी, फक्त तुमचा डॉक्टरला दिसतो.

फादरना सगळं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं, कापड काढू का? म्हणाले, राहू दे, वाट चुकून का होईना, आलंय ना. लोकांना मी सांगेन. मग चष्मा घालून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “देवानेही फार वर्षं निरोपच पाठवले. एकामागून एक माणूस, एकामागून एक निरोप. शेवटी त्याला कळलं की निरोपाने भागत नाही. मग तो स्वतः आला.” एवढं बोलून ते मेणबत्त्यांचं मेण खरवडायला लागले. मी उभा होतो तर म्हणाले, अजून इथेच?

बेकरीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मी रडलो ते काही परत घेत नाही. आणि तुमच्यासाठी गोल पाव बांधून दिला.

घरी येऊन म्हटलं, मी वहिनींना सविस्तर पत्र लिहितो. तुमची जाऊ म्हणाली, “पत्रांनी डोळे बरे होत असते तर ताईंना आतापर्यंत भिंतीपलीकडचं दिसलं असतं.” बॅग तिने आधीच भरून ठेवली होती. वर दोऱ्याचं रीळ ठेवलं. दुकानाच्या दारावर मी पाटी लावली, फोटो नाताळानंतर मिळतील. मी अशी पाटी कधी लावली नव्हती. पाटी लावल्यावर आकाश काही कोसळलं नाही.

बसमधून उतरलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. फाटकासमोरून मी मान खाली घालून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने आलो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमचं दार उघडं होतं. टीचर पायात चपला घालत होती, वेळ रद्द करायला निघालेली. मी तिला हातानेच थांब म्हटलं आणि दाराशी उभा राहिलो. तुम्ही खाटेवरून विचारलंत, कोण आहे. मी म्हटलं, मी.

“हे तर रोजच असतात,” तुम्ही म्हणालात. “शेजारी दुसरं कोण?”

 तुम्ही उठून हात पुढे करत आलात, आधी कोटाला लागलात, मग मला. माझा चेहरा चाचपलात आणि म्हणालात, दाढी का नाही केली. मग दोन्ही कप खाली काढलेत.

तुमच्याशी वाद घालायचा नाही असं मी बसमध्येच ठरवलं होतं. तुम्ही हरत नाही. काल सकाळी नुसता उठलो, तोंड धुतलं आणि खुंटीजवळ गेलो. थंडी होती हे खरंच आहे. विचारलं, घालू का? तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग भिंतीलाच म्हणालात, बाह्या लांब होतील. झाल्या. मी बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिलो, हाक मारली नाही. मागे खुंटी आणि खिळा असेल, आणि तुम्ही. मग काठीचा आवाज आला, आणि तुम्ही बाही धरलीत.

आणि फाटकाशी आल्यावर थांबलं कोण? मी.  तुम्हाला फाटक दिसत नव्हतं, पण मी थांबलो त्यावरून तुम्हाला कळलं. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल चला परत, आणि मी लगेच वळेन. देवाशपथ, वळलो असतो.

तुम्ही म्हणालात, “गेल्या वेळी हा कोट माझ्या हातावर बाहेर आला. या वेळी कुणाच्या तरी अंगावर येऊ दे. चला.”

म्हणजे आणायला मी आलो, आणि आत नेलंत तुम्ही. जावेला हे सांगू नका.

काल तुम्ही आत होतात तेव्हा मी याच बाकावर बसून होतो. प्रार्थना करायला घेतली, पण शब्द येईनात. मग रीळ काढलं. सिस्टरकडून सुई मागून घेतली. कड उडालेलं बटण माझ्या खिशातच होतं. ते शिवलं. तुम्ही बघाल तर उसवून पुन्हा शिवाल, इतकं वाकडं शिवलंय. पण घट्ट आहे. शिवता शिवता लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं जी प्रार्थना मी तोंडाने म्हणत होतो, ती आता बोटांतून चालली होती, आणि बोटाला सुई टोचत होती.

आत्ताच सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, काम चांगलं झालंय, आता पट्टी काढतील, या.

वहिनी, घरी गेल्यावर खुंटी दिसेल. खिळाही दिसेल. रिकामाच असेल तो, कारण कोट माझ्या अंगात आहे, आणि मी नाताळ होईपर्यंत तुमच्याकडेच आहे. सकाळी डोळे उघडाल तेव्हा दाराशी मी उभा असेन, चपला काढाव्यात की नाही या विचारात. हे दादा नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण चहा मात्र दोन कप लागेल.

खालचं बटण तुमच्या जावेने दिलेल्या जांभळ्या दोऱ्याने शिवलंय. जांभळा आहे असं ती म्हणते, मीही म्हणतो. पण आमच्या दोघांच्या शब्दावर जाऊ नका. तुम्ही स्वतः बघून सांगा.

तुमचा धाकटा दीर